‘वर्षा’ बंगला आणि धाराशिवचा माणूस

१ नोव्हेंबर १९५६ हा दिवस आमच्या धाराशिव जिल्ह्यात कुणी साजरा करीत नाही. १७ सप्टेंबर १९४८ हा हैदराबाद मुक्तीचा दिवस आपण ध्वजारोहण करून साजरा करतो आणि ते सर्वथा योग्यच आहे. परंतु त्या मुक्तीनंतरही आठ वर्षे हा जिल्हा हैदराबाद राज्यातच होता. मराठवाड्याचे पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले ते १ नोव्हेंबर १९५६ रोजी. त्या दिवसापासून आमचा राज्यकर्ता हैदराबादेत नव्हे, तर मुंबईत राहू लागला.

योगायोग असा की, त्याच पुनर्रचनेने विदर्भही मुंबई राज्यात आला आणि मध्य प्रदेशाच्या मंत्रिमंडळात उपमंत्री असलेले यवतमाळ जिल्ह्यातील गहुलीचे वसंतराव नाईक मंत्री म्हणून मुंबईस आले. मलबार हिलवरील एक बंगला त्यांच्या वाट्याला आला. त्याचे नाव होते ‘डग बीगन’. इंग्रजी अमदानीतले हे नाव ना जिभेवर बसणारे, ना मनात रुजणारे. शेतीत जीव रमणाऱ्या नाईकांनी ते बदलून ‘वर्षा’ असे ठेवले. म्हणजे ‘वर्षा’ हे नाव आणि धाराशिवचे मुंबईशी जडलेले नाते ही दोन्ही एकाच सालातली. आज महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांचे अधिकृत निवासस्थान म्हणून तो बंगला साऱ्या देशाला ठाऊक आहे. कोण आत राहायला गेले, कोण बाहेर पडले, कुणाची मोटार रात्री किती वाजता आत गेली, याच्या बातम्या आपण चवीने वाचतो. पण या घराकडे चारशे किलोमीटरहून अधिक अंतरावरून पाहणाऱ्या धाराशिवच्या माणसाला त्याचा इतिहास काय सांगतो, हा प्रश्न क्वचितच कुणी विचारतो. तो विचारण्यासाठीच हा लेखप्रपंच.

मुंबईची एक फेरी

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या जिल्ह्यातील एका गावाचे पाच शेतकरी साठवण तलावात गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी मुंबईला निघाले होते. वार्ताहर या नात्याने मीही त्यांच्यासोबत गेलो. धाराशिव शहरातून तेव्हा रेल्वे जात नव्हती. एस.टी.ने कुर्डुवाडी गाठायची, रात्री फलाटावर बसून राहायचे आणि जी गाडी मिळेल तिच्या साध्या डब्यात उभ्याने मुंबई गाठायची, असा तो प्रवास. सकाळी एका मंत्रिमहोदयांच्या बंगल्यावर पोहोचलो. मंत्र्यांचे नाव सांगण्याचे येथे प्रयोजन नाही, कारण दोष एका व्यक्तीचा नव्हता. तीन तास पायरीशी थांबल्यावर स्वीय सहायकाने अर्ज घेतला आणि त्यावर शिक्का मारला. अर्ज घेताना तो सौजन्याने हसलाही. महिन्या-दीड महिन्याने गावी पत्र आले. अर्ज ‘पुढील आवश्यक कार्यवाहीसाठी’ जिल्ह्यातील संबंधित कार्यालयाकडे पाठविण्यात आला होता. ज्या टेबलावरून निराश होऊन ते पाच जण मुंबईला गेले, नेमक्या त्याच टेबलावर त्यांचा अर्ज टपालाने परत येऊन पडला होता!

त्या दिवशी परतीच्या गाडीला वेळ होता. ‘वर्षा’ पाहू या, असा आग्रह त्यांच्यातल्याच एका सत्तरीच्या म्हाताऱ्याने धरला. आम्ही गेलो. रस्त्यावरून दिसण्यासारखे फारसे काही नव्हते. फाटक, पोलीस, दाट झाडी आणि नावाची पाटी, एवढेच. म्हाताऱ्याने पाटी वाचली आणि मला म्हणाला, “दादा, नाव पावसाचं हाय. पर पावसाकडं कुणी जातंय व्हय? पाऊसच येतो की रानात.”

मी कलाशाखेचा पदवीधर. राज्यशास्त्राची जाडजूड पुस्तके परीक्षेपुरती का होईना, वाचलेली आहेत. पण राज्यसंस्था आणि प्रजा यांच्या नात्याची इतकी नेमकी व्याख्या मला त्या पुस्तकांत आढळली नव्हती. पुढे ज्या ज्या वेळी राज्यकर्त्यांच्या घरांचा इतिहास वाचनात आला, त्या त्या वेळी ही कसोटी मी लावून पाहिली.

घर मालकीचे, प्रजाही मालकीची

‘वर्षा’चे मोल कळण्यासाठी त्याआधीची घरे पाहावी लागतात. आमच्या जिल्ह्याला ‘उस्मानाबाद’ हे नाव मिळाले ते शेवटचा निजाम मीर उस्मान अली खान याच्यावरून. हा निजाम हैदराबादेत ‘किंग कोठी’ या राजवाड्यात राहत असे. जगातील सर्वांत धनाढ्य माणूस अशी त्याची ख्याती होती आणि १९३७ साली अमेरिकेतील ‘टाइम’ साप्ताहिकाने त्याला मुखपृष्ठावर स्थान दिले होते. ती संपत्ती आली कोठून? निजामाच्या राज्यात दोन प्रकारचे मुलूख होते. दिवाणी मुलखाचा महसूल सरकारी खजिन्यात जाई, तर ‘सर्फ-ए-खास’ मुलखाचा महसूल थेट निजामाच्या खासगी तिजोरीत जमा होई. उस्मानाबाद जिल्ह्याचा मोठा भाग सर्फ-ए-खास होता. आमच्या आजोबा-पणजोबांनी काळ्या रानात घाम गाळून भरलेला सारा राज्याच्या कामासाठी नव्हे, तर एका माणसाच्या घरखर्चासाठी होता, असा त्याचा सरळ अर्थ. १९४९ साली ही व्यवस्था संपुष्टात आली.

येथे सूक्ष्म वाटणारा, पण मूलभूत असा भेद आहे. निजाम व्यक्तिशः काटकसरी, किंबहुना कंजूष होता, असे त्याच्याविषयी सर्वत्र सांगितले जाते. पण राज्यकर्ता साधा राहतो की थाटात, हा दुय्यम प्रश्न आहे. तो ज्या घरात राहतो ते घर कुणाचे, हा पहिला प्रश्न. किंग कोठी निजामाची होती. तेथून त्याला कुणी पायउतार करू शकत नव्हते आणि तेथे जाऊन ‘हे माझे आहे’ असे म्हणण्याचा अधिकार प्रजेतील कुणालाच नव्हता.

अधिकृत निवासस्थान ही नुसती विटा-चुन्याची बाब नसते, याचा आणखी एक दाखला त्याच काळात मिळतो. नोव्हेंबर १९४७ मध्ये भारत सरकार आणि निजाम यांच्यात ‘जैसे थे’ करार झाला आणि त्यानुसार भारताचे प्रतिनिधी म्हणून कन्हैयालाल मुन्शी हैदराबादेत गेले. निजामाच्या सरकारने त्यांना राहण्यासाठी तात्पुरते घर देण्याचेही नाकारले. अखेर बोलारम येथील भारतीय लष्कराच्या इमारतीत त्यांची सोय करावी लागली. घर नाकारणे म्हणजे अधिकार नाकारणे, हे निजामाच्या दरबाऱ्यांना पक्के ठाऊक होते. वर्षभराच्या आत सरदार पटेलांनी त्या उद्दामपणाला कसे उत्तर दिले, हा इतिहास वाचकांना नव्याने सांगायला नको.

नळदुर्गातला परका अधिकारी

याच्याही आधीची एक विलक्षण हकीकत आहे आणि ती आमच्या जिल्ह्याच्या भूमीवरच घडली. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाडासह नळदुर्गचा मुलूखही इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. तेव्हा या जिल्ह्याचे मुख्य ठाणे नळदुर्ग होते. तेथे अधिकारी म्हणून आला मेडोज टेलर. त्याने किल्ल्यातच आपले बिऱ्हाड थाटले. बोरी नदीचा प्रवाह अडवून बांधलेला तो आदिलशाही बंधारा, त्याच्या पोटातला पाणी महाल आणि पावसाळ्यात त्यावरून कोसळणारे नर-मादी धबधबे, हा सारा देखावा त्याच्या वास्तव्याच्या परिसरातला. याच भागात वावरताना पाहिलेले तुळजापूर त्याच्या ‘तारा’ या १८६३ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत उतरले. १८६० साली नळदुर्गचा मुलूख निजामाला परत देण्यात आला.

टेलर परका होता. तो परक्या सत्तेचा नोकर होता आणि त्या सत्तेचे हित पाहणे हेच त्याचे काम होते. त्याचे गोडवे गाण्याचा येथे मुळीच हेतू नाही. तथापि, एक गोष्ट मान्य करावी लागते. तो जेथे राज्य करीत होता, तेथेच राहत होता. तुळजापूरची यात्रा, कोरडे पडलेले ओढे, गावागावांतले तंटे या गोष्टी त्याला डोळ्यांनी पाहाव्या लागत. अहवालातून वाचाव्या लागत नसत. राज्यकर्त्याचे घर आणि प्रजेचे घर यांच्यामधले अंतर ही स्वतंत्रपणे विचारात घेण्याची बाब आहे. निजामाचे घर दूर होते आणि मालकीचे होते. टेलरचे घर जवळ होते, पण परके होते. स्वराज्यात आपल्याला असे घर हवे की, जे मालकीचे नसेल, परके नसेल आणि दूर असले तरी दूर वाटणार नाही.

‘डग बीगन’ची ‘वर्षा’ झाली

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, तेव्हा मुख्यमंत्र्यांचे निवासस्थान ‘वर्षा’ नव्हते. यशवंतराव चव्हाण ‘सह्याद्री’ बंगल्यात राहत. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर ते संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि मारोतराव कन्नमवार मुख्यमंत्री झाले. वर्षभरातच, नोव्हेंबर १९६३ मध्ये, पदावर असतानाच त्यांचे निधन झाले. ५ डिसेंबर १९६३ रोजी वसंतराव नाईक मुख्यमंत्री झाले. पद बदलले म्हणून त्यांनी घर बदलले नाही. ‘वर्षा’तच ते राहिले आणि अकरा वर्षांहून अधिक काळ त्यांनी तेथून राज्याचा कारभार पाहिला. त्यामुळे मुख्यमंत्र्यांचे घर म्हणजे ‘वर्षा’ हे समीकरण दृढ झाले. जुने ‘सह्याद्री’ हे नाव आज राज्य अतिथिगृहाला आहे.

नाव सार्थ करण्याची परीक्षा नाईकांना द्यावी लागली ती १९७२ च्या दुष्काळात. घराचे नाव पावसाचे आणि राज्यात पाऊस नाही, अशी ती अवस्था. ज्यांनी तो दुष्काळ भोगला, ती पिढी आमच्या जिल्ह्यात अजूनही सुकडीची आणि खडी फोडण्याच्या कामाची आठवण काढते. त्या काळात लाखो हातांना काम देणारी रोजगार हमी योजना ही मुळात विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांची कल्पना. सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात विसापूर येथे १९६५ साली त्यांनी तिचा प्रयोग केला होता. नाईकांच्या सरकारने ती उचलून धरली, पुढे १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २००५ साली केंद्राने देशासाठी जो रोजगार हमी कायदा केला, त्याचे मूळही याच प्रयोगात आहे. म्हणजे ‘वर्षा’च्या इतिहासातले एक तेजस्वी पान एका खेड्यातल्या प्रयोगाकडे मुख्यमंत्र्यांनी लक्ष दिले म्हणून लिहिले गेले. कल्पना राजधानीत सुचली नव्हती. राजधानीने ती ऐकली होती.

ती पहाट

धाराशिव जिल्ह्याच्या मनात ‘वर्षा’ची आणखी एक आठवण आहे. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. राज्यभरातील विसर्जन मिरवणुका शांततेत पार पडल्याची खात्री करून घेऊन तत्कालीन मुख्यमंत्री शरद पवार उशिरा झोपायला गेले. चारच्या सुमारास ‘वर्षा’च्या खिडक्यांची तावदाने हादरली. हा भूकंप आहे हे जाणून त्यांनी कोयनेला विचारणा केली. केंद्र कोयना नव्हे, तर किल्लारी असल्याचे समजताच ते निघाले आणि त्याच सकाळी किल्लारीत पोहोचले. ही हकीकत त्यांनी स्वतः अनेकदा सांगितली आहे. पवारांच्या राजकारणाशी या पृष्ठांवरून कितीदा तरी मतभेद व्यक्त झाले असतील, पण त्या पहाटेचे श्रेय त्यांना न देणे हा कद्रूपणा ठरेल.

पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या त्या भूकंपात लातूर आणि आमच्या जिल्ह्यात मिळून सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. तेव्हाच्या उमरगा तालुक्यातील सास्तूर आणि आसपासची गावे मातीच्या ढिगाऱ्यांत बदलली. मी तेव्हा नुकताच पत्रकारितेत आलो होतो. दगड-मातीच्या जाड भिंतींच्या त्या घरांनी आपल्याच माणसांना गाडले, हे दृश्य विसरता येणारे नाही. त्या पहाटे धाराशिवचा हादरा मलबार हिलच्या तावदानांपर्यंत पोहोचला होता. जमीनच हलली म्हणून तो पोहोचला. प्रश्न असा आहे की, जमीन हलत नाही, पण माणूस आतून कोसळत असतो, तेव्हा त्याचा हादरा त्या तावदानांना जाणवतो का? २०१२-१३ चा दुष्काळ, पाठोपाठ २०१५-१६ चा दुष्काळ, शेतकऱ्यांच्या आत्महत्या हे सारे हादरेच होते. पण ते एकेका उंबऱ्याच्या आत बसले आणि उंबऱ्याच्या आतच विरले. सप्टेंबर २०२५ मध्ये तर उलटेच घडले. जन्मभर ढगाकडे डोळे लावून बसलेल्या परंडा आणि भूम तालुक्यांत पावसाने असे थैमान घातले की, उभ्या पिकासकट माती खरवडून गेली. जनावरे दावणीलाच बुडाली.

पदाचे घर, व्यक्तीचे नव्हे

लोकशाहीतील राज्यकर्त्याच्या घराचा पहिला धर्म म्हणजे ते घर सहज सोडता येणे. इंग्लंडच्या पंतप्रधानांचे ‘१०, डाउनिंग स्ट्रीट’ हे घर राजा दुसरा जॉर्ज याने रॉबर्ट वॉलपोल याला व्यक्तिगत भेट म्हणून देऊ केले होते. वॉलपोलने ते स्वतःसाठी न घेता पदासाठी मागून घेतले आणि १७३५ साली तो तेथे राहायला गेला. म्हणून आज जवळजवळ तीनशे वर्षांनंतरही ते घर पदाचेच आहे. आपल्याकडे पंडित नेहरूंच्या निधनानंतर त्यांचे ‘तीन मूर्ती भवन’ स्मारक झाले आणि त्यांच्यानंतर पंतप्रधान झालेल्या लालबहादूर शास्त्रींचे वास्तव्य जनपथावरील बंगल्यात राहिले. नेत्याविषयीचा आदर समजण्याजोगा आहे. पण पदाचे घर व्यक्तीच्या नावे झाले की, पुढच्याला नवे घर शोधावे लागते आणि लोकांच्या मनात पदापेक्षा व्यक्ती मोठी होते. एप्रिल २०२२ मध्ये तेथे सर्व पंतप्रधानांचे संग्रहालय झाले, ही त्या दृष्टीने उचित दुरुस्ती होय.

सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१८ रोजी दिलेला निकालही या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगा आहे. माजी मुख्यमंत्र्यांना सरकारी बंगला कायम ठेवता यावा म्हणून उत्तर प्रदेशाने केलेली कायदादुरुस्ती न्यायालयाने रद्द ठरविली. पद सुटले की माजी मुख्यमंत्रीही सामान्य नागरिकच, हे त्या निकालाचे सार. आमच्या महाराष्ट्रात २२ जून २०२२ च्या रात्री उद्धव ठाकरे यांनी पदावर असतानाच ‘वर्षा’ सोडले आणि ते ‘मातोश्री’वर गेले. सामानाच्या बॅगा बाहेर निघताना अवघ्या राज्याने दूरचित्रवाणीवर पाहिल्या. त्यामागच्या राजकारणाची चिकित्सा यापूर्वी पुष्कळ झाली आहे. आमच्या जिल्ह्यापुरते सांगायचे तर, २९ जून रोजी राजीनाम्यापूर्वीच्या अखेरच्या मंत्रिमंडळ बैठकीत ‘धाराशिव’ या नावाचा निर्णय झाला. जुलैमध्ये नव्या सरकारने तो पुन्हा घेतला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राने त्यास मान्यता दिली. घरातला माणूस बदलला, पण जिल्ह्याला आपले नाव मिळण्याचे काम अडले नाही. पदाचे घर पदाचेच असल्याचा हाच खरा लाभ आहे.

सत्तांतर झाले की बंगल्यांचे वाटप, त्यावरची रस्सीखेच, डागडुजीचा खर्च, अमुक बंगला ‘लाभत नाही’ अशा कुजबुजी यांना ऊत येतो. लोकांच्या पैशातून उभ्या असलेल्या घराची निगा राखलीच पाहिजे. राज्याच्या प्रमुखाचे घर पडके असावे, असे कुणीही म्हणणार नाही. परंतु त्या खर्चाचा तपशील बातमीदाराने उकरून काढण्याची वाट न पाहता शासनाने आपण होऊन प्रसिद्ध करावा. सर्फ-ए-खास भोगलेल्या जिल्ह्याचा माणूस हिशेब मागतो, तेव्हा त्यामागे इतिहास असतो. आणि वास्तूत दोष शोधणाऱ्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे की, खुर्च्या जातात त्या बहुधा वर्तनातील दोषांमुळे. वास्तू बिचारी मुकी असते.

दरबार नको, दालन हवे

दुसरा धर्म अधिक कठीण आहे. राज्याचा कारभार चालवण्यासाठी मंत्रालय आहे. निवासस्थान राहण्यासाठी आहे. पण कारभार हळूहळू कचेरीतून घराकडे सरकतो. बैठका बंगल्यावर, निर्णय बंगल्यावर, भेटीगाठी बंगल्यावर. मग ज्याला बंगल्यावर प्रवेश आहे त्याचे काम होते आणि ज्याला नाही, तो फाटकाबाहेर पाटी वाचत उभा राहतो. हा एका पक्षाचा किंवा एका मुख्यमंत्र्याचा दोष नाही. घरातील बैठकीत बसणाऱ्याला ‘आपला माणूस’ समजण्याची मानवी प्रवृत्तीच अशी आहे की, ती दालनाचा दरबार करते. लोकशाहीचे घर पुन्हा किंग कोठीच्या वाटेवर नेणारे पहिले पाऊल हेच आहे. मालकी कागदावर पदाचीच राहते. पण दार मात्र ओळखीच्याच माणसाला उघडते.

येथे आमच्यासारख्या जिल्ह्याचे दुखणे सुरू होते. विदर्भाच्या वाट्याला नागपूर करारामुळे निदान हिवाळी अधिवेशन आले आणि त्यासाठी नागपुरात मुख्यमंत्र्यांचे ‘रामगिरी’ निवासस्थान आहे. मराठवाडा बिनशर्त आला. त्याने काही मागितले नाही. याच भूमीतून मुख्यमंत्री झाले नाहीत, असे नाही. शिवाजीराव पाटील निलंगेकरांचे निलंगे आणि विलासराव देशमुखांचे बाभळगाव ही दोन्ही गावे १६ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर जिल्हा वेगळा होईपर्यंत उस्मानाबाद जिल्ह्यातच होती. तरीही २०१८ साली नीती आयोगाने देशातील आकांक्षित, म्हणजे सरळ भाषेत मागास, जिल्ह्यांची जी यादी केली, तिच्यात महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांत आमचा समावेश झाला. कृष्णेचे पाणी मराठवाड्यात येणार, हे ऐकत एक पिढी म्हातारी झाली. आपला माणूस ‘वर्षा’त गेला की आपले प्रश्न सुटतात, ही समजूत किती भाबडी आहे, हे यावरून दिसते. माणूस जाऊन भागत नाही. व्यवस्था यावी लागते.

व्यवस्था येणे म्हणजे काय? जिल्हाधिकारी कार्यालयात दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन भरतो. त्या दिवशी आलेल्या अर्जाचा निकाल जिल्ह्यातच लागला, न लागल्यास कारण लेखी मिळाले आणि ते कारण पटले नाही तर वरिष्ठाने त्याच जिल्ह्यात येऊन सुनावणी घेतली, तर कुर्डुवाडीच्या फलाटावर रात्र काढण्याची वेळ कुणावर येणार नाही. ज्या टेबलाविरुद्ध तक्रार आहे, त्याच टेबलाकडे तक्रार ‘पुढील कार्यवाहीसाठी’ पाठविण्याची रीत एका परिपत्रकाने थांबवता येईल. तिसरी गोष्ट, मंत्रिमंडळाने मुंबईबाहेर बसण्याची प्रथा नियमित व्हावी. १६ सप्टेंबर २०२३ रोजी छत्रपती संभाजीनगरला बैठक झाली. ६ मे २०२५ रोजी, पुण्यश्लोक अहिल्यादेवींच्या त्रिशताब्दीनिमित्त, आमच्या भूम-परंड्याच्या शेजारच्या जामखेड तालुक्यात चौंडी येथे झाली. या बैठका उत्सवापुरत्या न राहता, आधीच्या बैठकीतील घोषणांचे पुढे काय झाले, हे सांगण्यासाठी तेथेच पुन्हा भरल्या पाहिजेत.

आपला आदर्श

चौंडीचे नाव निघाले म्हणून सांगतो. अहिल्यादेवींनी काशीपासून रामेश्वरापर्यंत मंदिरे, घाट आणि धर्मशाळा बांधल्या. परंतु महेश्वरातला त्यांचा स्वतःचा वाडा पाहणारा प्रवासी प्रथम थबकतो, इतका तो साधा आहे. त्याहीपलीकडे जायचे तर विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षस’ नाटकात आर्य चाणक्याच्या घराचे वर्णन आहे. मगधाचे साम्राज्य ज्याच्या बुद्धीवर उभे, त्याच्या घरी राजाचा कंचुकी येतो, तेव्हा त्याला काय दिसते? गोवऱ्या फोडण्याचा एक दगड, शिष्यांनी आणलेल्या दर्भाचा ढीग आणि वाळत घातलेल्या समिधांच्या भाराने वाकलेले छप्पर. आजच्या मुख्यमंत्र्याने झोपडीत राहावे, असे सुचविण्याचा बालिशपणा मी करणार नाही. सुरक्षा आहे, पाहुणे आहेत, राज्याचा मान आहे. पण या कथेचे मर्म छपरात नाही. ज्याच्या घरात स्वतःचे असे काही नाही, त्याला कुणाचे भय नसते आणि कुणाचे मिंधेपणही नसते, हे ते मर्म आहे.

‘डग बीगन’ची ‘वर्षा’ झाली त्याला आता सत्तर वर्षे होत आली. नाव देणाऱ्याला शेतकऱ्याची आस ठाऊक होती. नाव घेणाऱ्यांनी ती जपली पाहिजे. मोबदल्याचा अर्ज घेऊन मुंबईला आलेला तो म्हातारा आज हयात नाही. मोबदला अखेर त्याच्या मुलांना मिळाला, पण पुष्कळ उशिरा. पेरणीची वेळ टळून गेल्यावर आलेल्या पावसासारखा. मलबार हिलवरची ती पाटी दूरचित्रवाणीवर दिसली की, त्याचे वाक्य मला आजही आठवते. पावसाकडे कुणी जात नाही. पाऊसच रानात येतो. ‘वर्षा’त आज जे राहतात आणि उद्या जे राहायला येतील, त्यांनी एवढे एक वाक्य ध्यानी ठेवावे, हीच धाराशिवची मागणी आहे.